जमिनीचा वाटा

आमच्या वार्नुपिस गावात घरची बिअर एकाच पेल्यातून प्यायली जाते. माणसं चार असोत की चौदा, पेला एकच. ज्याने बिअर केली तो आधी स्वतः पितो, मग पेला भरून शेजारच्याच्या हातात देतो, तो पिऊन पुढच्याला भरून देतो, आणि असा तो पेला टेबलाभोवती फिरत राहतो. यात चोरून काही करता येत नाही. तुमची पाळी आली की बाकीचे बोलायचे थांबतात आणि तुमच्याकडे बघतात. बिअर करणारा तर तुमच्या भुवया बघतो, घसा बघतो, तुम्ही खुर्चीवर कसे सरकलात तेही बघतो.

सुटकेची वाट एकच. तळाशी राहिलेले दोन-तीन थेंब जमिनीला द्यायचे असतात. जव जमिनीने दिला, तेव्हा तिचा वाटा तिला. हा रिवाज चर्चपेक्षा जुना आहे, पण फादरांनाही त्यात वावगं वाटत नाही, ते स्वतः देतात. आता दोन-तीन थेंब म्हणजे नेमके किती, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. गावातल्या बाल्त्रुसच्या घरी मी लोकांना अर्धा अर्धा पेला जमिनीला देताना पाहिलंय. देवभोळेपणाने मान खाली घालून देतात.

माझी शेजारीण उर्शुले मावशी मात्र या वाटेने कधी गेली नाही. कुणाचीही बिअर असो, ती पेला शेवटपर्यंत प्यायची, मोजून तीन थेंब जमिनीला द्यायची, तोंड पुसायची आणि बोलायची.

"घाईत केलीस. बायको माहेरी गेली होती वाटतं." बायको खरंच गेलेली असायची.

"जव चांगला, हात चांगला, भांडं नीट घासलं नव्हतंस."

शाळेच्या मास्तरांना एकदा म्हणाली, "मास्तर, पुस्तकात बघून केलीत ना? पुस्तकाला तहान लागत नाही."

आणि बाल्त्रुसला दर वर्षी एकच वाक्य. त्याच्याकडे पेला परत सरकवत ती शांतपणे म्हणायची, "तुझ्या विहिरीचं पाणी छान आहे." टेबल हसायचं. बाल्त्रुसही हसायचा. एकोणीस वर्षं तो हसत होता.

मावशीची ही जीभ कुठून आली ते सांगायला हवं. सामुदायिक शेतीच्या काळात ती सत्तावीस वर्षं दूध घेण्याच्या केंद्रावर होती. सकाळी गावच्या बायका कॅन घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. उर्शुले प्रत्येक कॅनचं झाकण उघडायची, नाक वर धरायची, झाकण लावायची. "तुझी गाय काल ओढ्यापलीकडे गेली होती. रानलसूण खाल्लाय. परत ने." वास घ्यायला तिला दोन श्वास पुरायचे. बायका तिला तोंडावर काही बोलत नसत, पण घरी येऊन जे बोलत ते ऐकत मी लहानाची मोठी झाले. आमच्या आईचं दूध तिने तीनदा परत पाठवलं होतं.

ती स्वतः जी बिअर करायची तिच्याबद्दल मात्र बोलायला जागा नसायची. जवाच्या मोडाचं पीठ गरम पाण्यात कालवून त्याच्या जाडजूड भाकऱ्या पावाच्या भट्टीत भाजायच्या, त्या मोडून पुन्हा पाण्यात टाकायच्या, पेंढ्यातून गाळायचं. तिच्या बिअरला पावाच्या करपलेल्या कडेचा वास असायचा आणि मागून थोडासा मध. नवरा फेलिक्सास गेल्यावरही तिने ते सोडलं नाही. गावात बारसं, लग्न, मयत, काहीही असो, पिंप उर्शुलेकडून यायचं.

तिच्या नातीचं, उग्नेचं, लग्न ठरलं तेव्हा बिअर कोण करणार हा प्रश्नच नव्हता. प्रश्न वेगळा होता. नवरामुलगा कुपिश्किसकडचा, आणि त्याचे आजोबा व्लादास त्या बाजूचे नावाजलेले बिअरवाले. साखरपुड्याला ते म्हणाले होते, "बिअर नवरीकडची, ठीक आहे. आम्ही चाखून सांगू." म्हातारा हसून म्हणाला होता, पण मावशीने ते वाक्य घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं.

म्हणून जुलैच्या शेवटी तिने एक घाणा नुसता बघण्यासाठी केला. लग्नाला सव्वीस दिवस होते.

अडचण अशी झाली की फेलिक्सासच्या माघारी, त्या वर्षी बरेच महिने रिकाम्या पडलेल्या ओकच्या लाकडी पिंपाला कुणी पाणी घालून ओलं ठेवलं नव्हतं. फळ्या सुकल्या, फटी पडल्या. मुलगा आर्वीदास म्हणाला, "आई, शेडमध्ये निळं प्लॅस्टिकचं पिंप पडलंय, ते घे." ते पिंप होतं तिच्या सुनेचं. योलिता पूर्वी त्यात काकड्या खारवायची, सहा वर्षांपूर्वी ते सोडून बरण्यांत घालायला लागली. मावशीने पिंप जुनिपरच्या फांद्या घालून उकळलेल्या पाण्याने तीनदा धुतलं, आठवडाभर उन्हात पालथं घातलं, आणि त्यात बिअर भरली.

रविवारी चाखायला बोलावलं. फादर होते, बाल्त्रुस होता, मास्तर आणि त्यांची बायको, आणखी दोन शेजारी, आणि मी. मी गावचं वाचनालय सांभाळते आणि मावशीच्या कुंपणापलीकडे राहते, त्यामुळे मला बोलवावं लागत नाही. खारे वाटाणे होते, शहाजिरं घातलेलं चीज होतं. मावशीने पहिला पेला प्यायला, मान हलवली, भरून फादरांना दिला.

फादरांनी डोळे मिटले. प्रार्थनेला मिटतात त्यापेक्षा जास्त वेळ मिटले. मग म्हणाले, "यंदा ऊन चांगलं पडलं, नाही?"

पेला माझ्याकडे आला तेव्हा मला फादरांचं दुःख कळलं. आधी पावाचा तो खमंग वास आला, आणि त्याच्या मागून, दार न वाजवता स्वयंपाकघरात शिरणाऱ्या शेजारणीसारखा, शेपू. नुसता शेपू नाही, आंबलेला, खारवलेला, बरणीच्या तळचा. आम्ही शेपू खाणारी माणसं आहोत. बटाट्यावर शेपू, गार सुपात शेपू, ताकात शेपू. पण बिअरमध्ये तो भेटेल याची कुणाला तयारी नसते.

मावशी माझ्या भुवयांकडे बघत होती.

"अगदी नेहमीसारखी," मी म्हणाले, आणि जमिनीला तिचा वाटा दिला. भरपूर दिला.

पेला बाल्त्रुसकडे गेला. एकोणीस वर्षं ज्याच्या विहिरीचं कौतुक झालं होतं, त्याच्या हातात आज उर्शुलेची शेपूची बिअर होती. तो प्यायला. मावशीकडे बघितलं. मग म्हणाला, "बरी आहे," आणि अर्धा पेला जमिनीला देऊन टाकला.

असा तो फिरत फिरत दुसऱ्या फेरीला फादरांकडे आला. तेवढ्यात योलिता वाटाण्यांची दुसरी वाटी घेऊन आली. फादर उठले, आणि मोठ्या मनाने म्हणाले, "अगं, घरच्या सुनेला कुणी विचारलंच नाही. हा घे, माझा पेला घे."

योलिताला बिअर आवडत नाही. कधीच आवडली नाही. फादरांचा मान म्हणून तिने एक घोट घेतला आणि सरळ म्हणाली, "आई, याला माझ्या काकड्यांचा वास येतोय."

"कसला?"

"शेपूचा. त्या पिंपाचा असेल."

मावशीने टेबलावरचा एक वाटाणा उचलून वाटीत टाकला. "पिंप परत हवं असेल तर सरळ माग. त्यासाठी माझ्या बिअरला नावं ठेवायला नकोत."

"मला काय करायचंय पिंप? तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

"मी तुला विचारलं नव्हतं."

हे खरं होतं. विचारलं आम्हाला होतं. योलिताने आमच्याकडे एकदा बघून घेतलं. मास्तर चीज कापायला लागले. फादरांना एका आजाऱ्याला भेटायला जायचं आठवलं.

त्यानंतर सासू-सुनेचं बोलणं बंद झालं. अंगण एकच आहे, मावशीचं जुनं लाकडी घर आणि मुलाचं विटांचं घर समोरासमोर. "आईला सांग, बटाटे काढलेत." "तिला सांग, मला दिसतात." मधल्या मध्ये आर्वीदास दिवसातून दहा वेळा अंगण ओलांडायचा. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "विल्माताई, मी बारीक झालो का हो?"

गुरुवारी सकाळीच मावशी माझ्या दारात आली.

"रविवारी लाकडी जमीन पुसायला मला दोन फडकी लागली."

"माणसं बरीच होती ना, मावशी."

"तुझ्या खुर्चीखाली तळं होतं."

"पेला सांडला असेल माझ्या हातून."

"फादरांच्या हातूनही सांडला?"

"फादरांचं आता वय झालंय."

"फादर माझ्याहून सोळा वर्षांनी लहान आहेत." ती पायरीवर बसली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण मी तिला पायरीवर बसलेलं आधी पाहिलं नव्हतं, ती उभ्यानेच बोलते. "कशी झाली होती, सांग."

"छान होती."

"विल्मा, तुझ्या आईचं दूध मी तीनदा परत पाठवलं. तिन्ही वेळा तिने मला शिव्या घातल्या. चौथ्यांदा आलं ते दूध असं होतं की मी केंद्रावरच्या साहेबाला बोलावून दाखवलं. आता मी विचारत फिरते, तर तुम्ही मला शिव्यासुद्धा देत नाही."

मी तेव्हाही बोलले नाही. आज त्याची कारणं शोधते तेव्हा एकही चांगलं सापडत नाही. मी बोलले असते तर योलिता खरी ठरली असती, आणि योलिता सून होऊन आल्यापासून बावीस वर्षं त्या दोघींमध्ये कोण खरं हे न ठरल्यामुळेच ते अंगण शांत होतं. शिवाय उर्शुलेचा निवाडा एकदा तरी व्हावा असं गावात प्रत्येकाला वाटत आलं होतं, पण तो करायला मात्र कुणी तयार नव्हतं.

"बरं," ती उठली. "मग चल माझ्याबरोबर. एक माणूस आहे, ज्याला मला शिव्या द्यायला कारण आहे."

तिने घरून बरणी भरून घेतली आणि आम्ही बाल्त्रुसकडे गेलो. तो अंगणात लाकडं फोडत होता. मावशीने बरणी पुढे केली. त्याने घेतली, प्यायला, कुऱ्हाडीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "उर्शुले, तुझ्या विहिरीचं पाणी छान आहे."

मला वाटलं आता काहीतरी होणार. मावशीने लाकडाचा ओंडका ओढला आणि त्यावर बसली.

"किती दिवस तयार होतं हे वाक्य?"

"एकोणीस वर्षं."

"मग रविवारी का नाही बोललास?"

"रविवारी लोक होते." बाल्त्रुस कुऱ्हाडीची धार बघायला लागला. "तू लोकांत बोलायचीस. मला नाही जमलं."

कोंबड्या तिच्या पायाशी येऊन गेल्या. मग मावशी म्हणाली, "काय चुकलंय त्यात?"

"ते मला काय कळणार? कळत असतं तर माझी बिअर तशी झाली असती का? काहीतरी आहे. ओळखीचं आहे. नाव सापडत नाही." मग तो थोडा घुटमळून म्हणाला, "आता विचारतोच. एकोणीस वर्षं पाण्याचं कौतुक केलंस. माझं काय चुकतं ते एकदा सांगितलं असतंस तर?"

"तू विचारलं नाहीस."

"तू विचारण्यासारखं तोंड करायची नाहीस."

ती ओंडक्यावरून उठली, त्याच्या शेडमध्ये गेली, भांडी उलटीपालटी करून बघितली. "पिठावर गरम पाणी ओतल्यावर किती वेळ ठेवतोस?"

"ठेवायचं कशाला? ढवळून गाळतो."

"देवा. अरे, ते झाकून झोपू दे. दोन तास हात लावू नकोस. गोडवा उतरायच्या आत तू गाळून मोकळा होतोस, मग पाण्याशिवाय राहणार काय?"

"एवढंच?"

"एवढंच."

"एकोणीस वर्षं," बाल्त्रुस म्हणाला, आणि पुन्हा लाकडं फोडायला लागला. नेहमीपेक्षा जरा जोरात.

परत येताना मावशी रस्त्याच्या मधोमध थांबली. "तुझ्या वाचनालयात वास कशाचा येतो?"

"जुन्या कागदांचा. पावसाळी हवेत थोडा उंदरांचा."

"शेपूचा नाही ना?"

तिला शेपू का आठवला हे मी विचारलं नाही. सुनेचं बोलणं तिने ऐकलंच नव्हतं असं थोडंच होतं. पण तिच्या स्वयंपाकघरात ऑगस्टच्या तोंडावर छताला शेपूच्या जुड्या टांगलेल्या असतात, टेबलावर दाणे वाळत असतात, दिवसभर सुरी शेपूवर चालते. ज्या घरात हवाच शेपूची, तिथे पेल्यातला शेपू कुणाला कळणार? गावातला रानलसूण दोन श्वासांत ओळखणारं नाक स्वतःच्या चुलीपुढे आंधळं झालं होतं.

तिने माझ्या घरी हात साबणाने धुतले, मग राखेने, मग पुन्हा साबणाने. डोक्याचा रुमाल काढून माझा बांधला. तिचा एप्रन कुंपणावर टाकला. वाचनालयाचं कुलूप मी सुटीच्या दिवशी उघडलं, आणि ती वाचायच्या टेबलापाशी ताठ बसली, समोर बरणी, दोन्ही बाजूंना जुन्या मासिकांचे गठ्ठे. थोडा वेळ नुसती श्वास घेत राहिली. मग झाकण उघडलं, नाक वर धरलं, झाकण लावलं. केंद्रावर उभी असायची ना, तशी.

पुन्हा उघडलं. एक श्वास, दोन श्वास.

"शेपू," ती म्हणाली.

मी खिडकी पुसायला लागले.

"दाणे धरलेला शेपू. दांड्यासकट घालते ती." पुन्हा झाकण. "काळ्या करंटच्या झुडपाची पानं आहेत. लसूण आहे, फार नाही. हळदुल्या मोहरीचा एकही दाणा नाही, मी घालते, ती नाही घालत." आणि मग बराच वेळ नाक तिथेच. "ओकची पानं. अगं, ओकची पानं घालते ती. म्हणून तिच्या काकड्या वसंतापर्यंत कुरकुरीत राहतात. माझ्या नाताळातच मऊ पडतात."

बावीस वर्षं त्या काकड्या ती खात होती. चांगल्या म्हणाली नव्हती, वाईटही म्हणाली नव्हती. गावभरच्या बिअरवर बोलणाऱ्या बाईने एवढ्या एका गोष्टीवर तोंड मिटून घेतलं होतं, आणि ते माझ्या त्या दिवशीच लक्षात आलं.

"तुला रविवारी कळलं होतं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"पहिल्याच घोटाला."

"पुढच्या वेळी अर्धा पेला जमिनीला दिलास तर ते फडकं तुझ्या हातात देईन."

योलिता अंगणात नळाखाली बरण्या धूत होती. मी कुंपणाशी थांबले, घरात गेले असते तर बरं दिसलं असतं, पण थांबले. मावशी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. डोक्याला अजून माझाच रुमाल होता.

"काकड्यांत ओकची पानं घालतेस."

योलिताने नळ बंद केला नाही. "घालते."

"किती?"

"बरणीला तीन."

"पिंपात घालायचीस तेव्हा?"

"मूठभर. का?"

"पाणी बंद कर, वाया जातंय." योलिताने बंद केलं. मावशी म्हणाली, "तो वास पिंपातून जात नाही. तीनदा जुनिपरने धुतलं, उन्हात ठेवलं. सहा वर्षं झाली."

"मी तेच म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस." मावशीने एक धुतलेली बरणी उचलून उजेडात धरली. "मी ऐकलं नाही."

एवढंच. योलिताच्या हातातला ब्रश तसाच राहिला. मला वाटतं तिने काहीतरी मोठं बोलायची तयारी बावीस वर्षं करून ठेवली होती, आणि आता ते कुठे ठेवावं हे तिला कळेना.

"लग्नाच्या बिअरचं काय मग?" ती म्हणाली. "ओकचं पिंप तर गळतंय."

"बघते."

"बाल्त्रुसकाकांकडे आहे ना एक. ओकचंच."

मावशीने तिच्याकडे नीट बघितलं. "त्यात बाल्त्रुसची बिअर असते."

"मग काय झालं? त्यांच्या बिअरला कधी कशाचा वास आलाय?"

आणि उर्शुले मावशी हसली. बरणी खाली ठेवून हसली.

बाल्त्रुसने पिंप दिलं, पण आधी विचारून घेतलं, "हा माझा अपमान आहे की स्तुती?"

"पिंपाची स्तुती आहे," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरातल्या शेपूच्या सगळ्या जुड्या उतरवून सुनेच्या घरी पाठवल्या. आर्वीदासला घरी येऊन शेपूच्या जंगलातून वाकून जावं लागायचं, पण आता निरोप पोचवायला अंगण ओलांडावं लागत नव्हतं, त्यामुळे तो तक्रार करत नव्हता. भाकऱ्या भाजल्या, मोडल्या, गाळल्या. गारव्याला ठेवलेली यीस्टची बरणी विहिरीतून वर आली. लग्नाच्या पाच दिवस आधी पिंप उघडलं तेव्हा चाखायला कुणालाच बोलावलं नाही, मलाही नाही. मी आपली कुंपणाशी होते.

रिवाज असा की करणाऱ्याने आधी प्यायचं. मावशीने पेला भरला आणि योलिताला दिला.

"मला बिअर आवडत नाही, आई."

"म्हणूनच. ज्याला आवडते तो खोटं बोलतो."

योलिताने घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "कडू आहे."

"कडू असतेच. पुढे?"

दुसरा घोट. "पावाचा वास येतो. करपलेल्या कडेचा. मागून थोडं गोड." तिसऱ्या घोटाला थांबली. "जरा जास्तच गोड."

मावशीचा जबडा हलला. मी तिथून बघत होते, मला दिसला. "किती जास्त?"

"आणखी दोन दिवस ठेवलीत तर बरी होईल असं वाटतं. मला काय कळतंय त्यातलं."

मावशीने पेला घेतला, प्यायली. बराच वेळ तोंडात घोळवली. "दोन नाही," ती म्हणाली, "तीन."

लग्न शनिवारी झालं, मागच्या कुरणावर लांब टेबलं मांडून. आणि तिथे मावशीच्या लक्षात आलं की गवतावर काही दिसत नाही. कुणी तीन थेंब दिले, कुणी अर्धा पेला दिला, गवत सगळं पिऊन टाकतं. व्लादास आजोबा नवरीच्या टेबलाशी बसले होते, पेला त्यांच्याकडे चालला होता, आणि मावशी दुसऱ्या टोकाला नातेवाइकांत अडकली होती. तिने योलिताला बाहीला धरून जवळ ओढलं.

"पाव वाढायच्या निमित्ताने फिर. नीट बघ. आणि मला खरं सांग."

योलिता पावाची टोपली घेऊन गेली. मी मावशीच्या शेजारी होते. तिने माझ्या हाताला कधी धरलं ते तिलाही कळलं नसावं, पण नखं लागली. पलीकडे व्लादास आजोबांनी पेला रिकामा केला, तोंड पुसलं, काहीतरी बोलले, पुन्हा भरून घेतला.

योलिता परत आली.

"आजोबांनी तीन थेंब दिले. मोजले मी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हिला दोन दिवस आधी काढली असती तर नको तेवढी गोड लागली असती. करणाऱ्या बाईला कळतं."

दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

"त्यांच्या बायकोने?"

"पाच-सहा. पण त्यांचा हात थरथरतो."

"आणि बाल्त्रुसने?"

"एकही नाही. मी म्हटलं, काका, जमिनीचा वाटा? तर म्हणाले, जमिनीला माझ्याकडून एकोणीस वर्षांचं पोचलेलं आहे."

मावशीचे खांदे हलले. मग तिने टेबलावरची काकड्यांची बशी पुढे ओढली. योलिताच्या काकड्या, या उन्हाळ्याच्या पहिल्या, अजून अर्ध्याच मुरलेल्या. तिने एक उचलली, चावली. कुरकुर आवाज आला. योलिता टोपली घेऊन निघाली होती, ती थांबली. सुनेने सासूच्या भुवयांकडे बघितलं, घशाकडे बघितलं.

"मीठ थोडं कमी आहे," उर्शुले मावशी म्हणाली.

योलिताने टोपली टेबलावर ठेवली. "किती कमी?"

मावशीने दुसरी काकडी उचलली.